सुटकेनंतरचे चौदा दिवस



मिलपिटासच्या ग्रेट मॉलमध्ये आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी जाऊन आलेले असतात. देशातून आई-बाबा आले की परतीच्या बॅगा घ्यायला एक फेरी ठरलेलीच! त्या मॉलपासून हाकेच्या अंतरावर, एबल स्ट्रीटला लागून, आपल्या सँटा क्लारा काउंटीचा एल्मवूड नावाचा तुरुंग आहे. मी इथे राहायला आले तेव्हा पहिली पाच-सहा वर्षं मला हे माहीतच नव्हतं. येता-जाता कुंपण दिसायचं, एखादं सरकारी गोदाम असेल असं वाटायचं. एकोणिसाव्या शतकात याच जागेवर काउंटीने निराधार आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी घर बांधलं होतं. ज्यांचं कोणी नाही त्यांना ठेवायची ती जागा. आज तिथे कोण असतं हे पाहिलं तर फार काही बदललंय असं म्हणवत नाही.

या वेळचं संपादकीय तुरुंगातल्या व्यसनी माणसांच्या उपचारांबद्दल आणि काउंटीच्या बजेटबद्दल आहे. विषय रुक्ष आहे, आपल्या गणपती आणि दिवाळीच्या कार्यक्रमांपासून लांबचा आहे, हे मला कबूल आहे. मीही तो लांबचाच समजत होते.

माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा मुलगा मला मावशी म्हणायचा. आमच्या मंडळाच्या नाटुकल्यांत त्याने लहानपणी तानाजीचं काम केलं होतं, दाढी सारखी सुटत होती म्हणून सगळा हॉल हसला होता. पुढे ते कुटुंब नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात गेलं. कॉलेजात असताना त्याच्या घोट्याचं ऑपरेशन झालं, वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, गोळ्या संपल्यावर त्या बाहेरून मिळवणं सुरू झालं. पुढची गोष्ट आता या देशात इतक्यांदा घडून गेली आहे की ती सांगायला नको. पण एक भाग सांगायलाच हवा. तो सावरत होता. बुप्रेनॉर्फीन हे औषध त्याला सात महिने चालू होतं, एका वेअरहाउसमध्ये नोकरी होती, आईकडे रविवारी जेवायला येत होता. त्या सुमारास एका जुन्या दुकानचोरीच्या खटल्यात तारखेला हजर न राहिल्याचं वॉरंट निघालं आणि तो काउंटी जेलमध्ये गेला. ती काउंटी कुठली ते मी मुद्दामच लिहीत नाही. तिथे त्याचं औषध बंद करण्यात आलं. 'आमच्याकडे ते देत नाहीत', एवढंच उत्तर. त्याची आई रोज फोन करायची, डॉक्टरांचं पत्र फॅक्स केलं, काही उपयोग झाला नाही. तेवीस दिवसांनी रात्री दोन वाजता त्याला सोडलं. हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, फोनची बॅटरी संपलेली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मंडळात सगळ्यांना 'हार्ट अटॅक' असं कळवलं गेलं. मीही तेच पुढे सांगितलं. आता मैत्रीण म्हणाली, "लिही, पण नाव घालू नकोस." म्हणून हे लिहिते आहे.

आता थोडं समजून घेऊ. मराठीत आपण जेल आणि प्रिझन दोन्हीला तुरुंगच म्हणतो, त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट निसटते. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं, शिक्षा झालेल्यांसाठी, वर्षानुवर्षांसाठी. जेल मात्र गावचं, काउंटीचं. तिथे मोठा भरणा असतो तो अजून खटलाही न चाललेल्या लोकांचा. देशभरात कुठल्याही एका दिवशी जेलमध्ये सुमारे साडेसहा लाख माणसं असतात आणि त्यांतले दहातले सात जण अजून दोषी ठरलेले नसतात. पण वर्षभरात जेलच्या दारातून आत जाण्याचे प्रसंग मोजले तर ते सत्तर लाखांच्या वर जातात. सरासरी मुक्काम जेमतेम एक महिना, आणि पुष्कळ जण तर दोन-चार दिवसांतच बाहेर पडतात. म्हणजे जेल ही कोंडून ठेवायची जागा कमी आणि फिरता दरवाजा जास्त. केंद्र सरकारच्याच २००७ ते २००९ च्या पाहणीत जेलमध्ये शिक्षा भोगणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक व्यसनाच्या वैद्यकीय व्याख्येत बसत होते.

या माणसाला औषधाशिवाय तीन आठवडे ठेवलं की काय होतं? शरीराची सवय मोडते. ज्या मात्रेने पूर्वी फक्त हातापायांचं कापणं थांबायचं, तीच मात्रा आता श्वास बंद पाडते. त्यात आता रस्त्यावर हेरॉइन राहिलेलं नाही, त्याच्या पन्नास पट तीव्र असं फेंटानिल आहे. मनातली ओढ मात्र मोडलेली नसते, उलट बाहेर आल्याबरोबर ती दुप्पट होते. २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या प्रिझनमधून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास आला होता. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा ओव्हरडोसने मरण्याचा धोका बाकीच्या रहिवाशांच्या १२९ पट होता. १२९ टक्के नव्हे, पट! तो अभ्यास प्रिझनचा होता, आणि फेंटानिलच्या आधीचा. तेव्हापासून या क्षेत्रात काम करणारे सगळे जण हे पहिले चौदा दिवस ओळखून आहेत.

आणि उपाय? तोही माहीत आहे, आणि नवा नाही. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात १९८७ पासून मेथाडोन दिलं जातं. ऱ्होड आयलंडमध्ये काउंटी जेल नाहीत, सगळे तुरुंग राज्याच्याच ताब्यात आहेत. त्या राज्याने २०१६ मध्ये वीस लाख डॉलर बाजूला काढले, प्रत्येक कैद्याला आत येताना तपासायचं ठरवलं, आणि मेथाडोन, बुप्रेनॉर्फीन, नॅलट्रेक्सोन या तिन्ही औषधांपैकी जे लागू पडेल ते सुरू केलं. सुटल्यावर बाहेरच्या दवाखान्यात तेच औषध पुढे चालू. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत तिथे तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या २६ जणांचा ओव्हरडोसने मृत्यू झाला होता, २०१७ च्या पहिल्या सहा महिन्यांत ९ जणांचा. वीस लाख डॉलर म्हणजे आपल्या इथल्या एका बऱ्या घराची किंमत. हे मी चेष्टेने म्हणत नाही, हिशोब म्हणून सांगते.

मॅसेच्युसेट्समधली गोष्ट मला त्याहून आवडते, कारण ती शेजारच्या दोन काउंटींची आहे. फ्रँकलिन आणि हॅम्पशायर, दोन्ही ग्रामीण. फ्रँकलिनच्या जेलने बुप्रेनॉर्फीन २०१६ मध्येच सुरू केलं, हॅम्पशायरने २०१९ मध्ये. मधल्या काळात दोन्हीकडून सुटलेल्या व्यसनी लोकांचा पाठपुरावा केला तेव्हा हॅम्पशायरमधले ६३ टक्के पुन्हा कायद्याच्या कचाट्यात सापडले होते, फ्रँकलिनमधले ४८ टक्के. पुढे २०१८ च्या कायद्याने राज्याने आणखी जेलमध्ये हा प्रयोग केला. त्यातल्या सात काउंटींचा मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत असताना औषध मिळालेल्यांमध्ये सुटकेनंतर ओव्हरडोसने मरण्याचं प्रमाण, न मिळालेल्यांच्या निम्म्यावर आलं होतं.

इतकं स्पष्ट असूनही २०२४ मध्ये हजारावर जेलची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात निम्म्याहून कमी ठिकाणी यांपैकी कुठलंही औषध मिळत होतं. ज्याला व्यसन आहे त्या प्रत्येकाला देणारे जेल तर १३ टक्केही नव्हते. बाकीच्या ठिकाणी फक्त गरोदर बायकांना, नाहीतर आधीपासून चालू असेल त्यालाच, अशा अटी.

का? शेरीफ मंडळींचा विरोध हे एक कारण, ते आता पुष्कळ कमी झालं आहे. खटले हरल्यावर माणसं शिकतात. २०१८ मध्ये मॅसेच्युसेट्सच्या एसेक्स काउंटीत आणि २०१९ मध्ये मेन राज्यातल्या अरुस्टुक काउंटीत न्यायालयांनी सांगितलं की चालू असलेलं औषध जेलला असं तोडता येणार नाही, अपंगांच्या हक्कांचा कायदा इथेही लागू आहे. त्याआधी १९७६ पासून सुप्रीम कोर्टाचा निकाल आहेच, की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून डोळेझाक करणं ही क्रूर शिक्षा ठरते. गंमत पाहा, या देशात वैद्यकीय उपचारांचा घटनात्मक हक्क आहे तो फक्त कोठडीतल्या माणसाला, बाहेर असलेल्या आपल्याला नाही.

तेव्हा खरी अडचण पैशाची. १९६५ मध्ये मेडिकेड सुरू झालं तेव्हाच कायद्यात एक ओळ घातली गेली की सार्वजनिक संस्थेत कोंडलेल्या माणसावर मेडिकेडचा पैसा खर्च होणार नाही. (रुग्णालयात दाखल करावं लागलं तर अपवाद.) म्हणजे गरीब माणूस रस्त्यावर असताना त्याच्या औषधाचे पैसे केंद्र आणि राज्य देणार, आणि ज्या क्षणी तो जेलमध्ये जाईल त्या क्षणी सगळा खर्च काउंटीच्या माथी. खटला चालू नसला, गुन्हा सिद्ध झाला नसला तरी. पुन्हा बाहेर आला की विमा सुरू व्हायला अर्ज, फोन, वाट बघणं. नेमके तेच चौदा दिवस!

जानेवारी २०२३ मध्ये या भिंतीला पहिलं भोक पडलं, आणि ते आपल्या कॅलिफोर्नियाने पाडलं. राज्याने केंद्राकडून सवलत मिळवली, की सुटकेच्या आधीच्या नव्वद दिवसांत व्यसनावरची औषधं, तपासण्या, समुपदेशन, बाहेरच्या दवाखान्याशी गाठ घालून देणारा माणूस, आणि सुटताना हातात औषधांचा साठा, या सगळ्याला मेडि-कॅल पैसे देईल. १ ऑक्टोबर २०२४ रोजी हे प्रत्यक्षात सुरू करणाऱ्या पहिल्या तीन काउंटी होत्या इन्यो, युबा आणि आपली सँटा क्लारा. बाकीच्या काउंटींना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली. आपल्या इथे जेलमधली आरोग्यसेवा कुठल्या खासगी ठेकेदाराकडे नाही, काउंटीच्याच आरोग्य खात्याकडे आहे, आणि सॅन होजेत मेन जेलजवळ २०१२ पासून सुटून आलेल्यांसाठी रीएन्ट्री सेंटरही आहे. शेजारच्या काउंटींपेक्षा आपली परिस्थिती बरी आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. पुरोगामी म्हणवणाऱ्यांना फक्त तक्रारीच करता येतात असं कोणी म्हणायला नको.

पण या व्यवस्थेला दोन मोठी छिद्रं आहेत.

पहिलं म्हणजे 'सुटकेच्या आधीचे नव्वद दिवस' हा हिशोब प्रिझनसाठी ठीक आहे, तिथे सुटकेची तारीख ठरलेली असते. जेलमधल्या माणसाची तारीख कोणालाच माहीत नसते. मंगळवारी आत, बुधवारी कोर्टात, जामीन मिळाला की बुधवारी रात्री बाहेर. त्याच्यासाठी केस मॅनेजर नेमायचा कधी, दवाखान्याची वेळ घ्यायची कधी? उत्तर एकच, की आत येणारा प्रत्येक जण उद्याच सुटणार आहे असं समजून पहिल्या दिवसापासून तयारी करायची. त्यासाठी रात्रपाळीला नर्स लागते, औषध लिहून देणारा डॉक्टर फोनवर तरी लागतो, रविवारी उघडी असणारी फार्मसी लागते. मेडि-कॅल दिलेल्या सेवेचे पैसे देतं, पण सेवा देणारं माणूस तिथे रात्री अकरा वाजता उभं असेल याची तजवीज काउंटीलाच करावी लागते. आणि बाहेर पडल्यावर डोक्यावर छप्पर. हातात महिन्याची औषधं दिली आणि झोपायला पूल दाखवला, तर ती औषधं पहिल्याच रात्री चोरीला जातात.

दुसरं छिद्र म्हणजे हा सगळा पैसा मुदतीचा आहे. केंद्राने दिलेली ती सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची, पुढचं मान्य करणं न करणं वॉशिंग्टनच्या हाती. जुलै २०२५ मधल्या कायद्याने मेडिकेडमध्ये दहा वर्षांत नऊशे अब्ज डॉलरच्या आसपास कपात ठरवली, आणि २०२७ पासून धडधाकट माणसाला काम केल्याचे पुरावे देण्याची अट घातली. तुरुंगातून सुटल्यावर तीन महिने सूट आहे म्हणे, व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यालाही सूट आहे. पण सूट मिळवायलाही फॉर्म भरावा लागतो, आणि तंबूत राहणाऱ्याच्या पत्त्यावर तो फॉर्म पोचणार कसा? एप्रिल २०२५ मध्ये न्याय खात्याने शेकडो अनुदानं एका फटक्यात रद्द केली, त्यांत व्यसन-उपचारांची आणि सुटकेनंतरच्या मदतीचीही होती. अनुदानावर नेमलेली माणसं अशा वेळी पहिल्यांदा घरी जातात. औषध शिल्लक राहतं, पण ते देणारा, ओळख झालेला, विश्वास बसलेला माणूस जातो.

आपल्या राज्याचाही दुटप्पीपणा सांगायला हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रपोझिशन ३६ ला ६८ टक्के मतं पडली. तिसऱ्यांदा अमली पदार्थासह पकडलेल्या माणसाने उपचार घ्यावेत नाहीतर तुरुंगात जावं, असा तो कायदा. उपचारांचं नाव घेऊन मतं मागितली, पण उपचारांसाठी त्यात एक डॉलरचीही तरतूद नव्हती! त्यानंतर राज्याने दहा कोटी डॉलर दिले ते अठ्ठावन्न काउंटींत मिळून, आणि एकदाच. आपल्यातल्याही पुष्कळांनी दुकानांतल्या चोऱ्यांना कंटाळून त्या कायद्याला मत दिलं, त्यांचा राग मला समजतो. पण मग त्या मताचं बिल भरायलाही आपण तयार असलं पाहिजे.

पैसा आहे, हे त्यातलं सगळ्यात चीड आणणारं सत्य. वेदनाशामक गोळ्या विकून गबर झालेल्या कंपन्या आणि त्यांचे वितरक यांनी राज्यांशी आणि काउंटींशी जे समझोते केले त्यांची बेरीज पन्नास अब्ज डॉलरच्या वर आहे, आणि ती रक्कम अठरा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने येत राहणार आहे. राष्ट्रीय समझोत्याला जोडलेल्या यादीत पैसा कशावर खर्च करावा ते लिहिलं आहे, आणि अग्रक्रमाच्या मोजक्या बाबींत जेलमधल्या लोकांचे उपचार ही बाब स्पष्ट शब्दांत आहे. तरीही काही ठिकाणी त्यातून पोलिसांच्या गाड्या घेतल्या गेल्या. त्या मुलाच्या घोट्याच्या ऑपरेशननंतर जी गोळी लिहून दिली गेली, तिच्या नफ्यातूनच हा पैसा आला आहे. तो जेलच्या औषधखान्यापर्यंत पोचू नये?

माझं मागणं साधं आहे. समझोत्याचा पैसा हप्त्याने का होईना, वर्षानुवर्षं येणार हे नक्की आहे. तेव्हा त्यातून जेलमधल्या आणि सुटकेनंतरच्या उपचारांच्या नोकऱ्या कायम म्हणून बजेटमध्ये लिहाव्यात, अनुदान संपेपर्यंतच्या म्हणून नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपण मेझर ए मंजूर करून पाच वर्षांसाठी विक्रीकर डॉलरमागे पाच-अष्टमांश सेंट वाढवून घेतला, तो काउंटीची रुग्णालयं वाचावीत म्हणून. कायद्याने ती रक्कम कशावरही खर्च करता येते. मग तिच्यातला लहानसा वाटा त्या पहिल्या चौदा दिवसांच्या निवाऱ्यासाठी का नसावा? आणि कोणालाही मध्यरात्री, औषधाशिवाय, फोनशिवाय दाराबाहेर काढू नये. सुटणाऱ्याने स्वतःहून सकाळपर्यंत थांबतो म्हटलं तर त्याला बसायला उजेडातली एक खोली असावी. याला तर फार पैसाही लागत नाही.

आता आपल्याबद्दल. व्यसनमुक्ती म्हटलं की मराठी माणसाला मुक्तांगण आठवतं. अनिल आणि अनिता अवचटांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं. अवचटांचं 'गर्द' आपल्यातल्या कित्येकांनी वाचलेलं आहे, आणि इथून मुक्तांगणला चेक पाठवणारे माझ्याच ओळखीचे अनेक जण आहेत. (मीही पाठवते.) तिथे व्यसनी माणसाला 'पेशंट' म्हणतात, आणि ते म्हणणं आपल्याला पटतं. पण हाच पेशंट मिलपिटासच्या कुंपणाआड असला की आपल्या तोंडी लगेच 'क्रिमिनल' येतं. येरवड्याबद्दल एक न्याय आणि एल्मवूडबद्दल दुसरा, असं कसं चालेल?

एक शंका नेहमी निघते. बुप्रेनॉर्फीन देणं म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावणं नव्हे का? ही शंका मी हेटाळत नाही, कारण आपण 'निर्धार' या शब्दावर वाढलेले आहोत. पण फेंटानिलच्या काळात निर्धाराला वेळ मिळायला हवा, आणि वेळ मिळायला माणूस जिवंत हवा. मधुमेहाच्या पेशंटला आपण 'इन्सुलिन कधी सोडणार?' असं टोचून विचारत नाही. ज्याला पुढे औषध सोडायचं आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावं. जेलरच्या सल्ल्याने नव्हे.

आणि दुसरी गोष्ट, जी आपण आपापसातही बोलत नाही. ग्रीन कार्डवरच्या माणसाला अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढता येतं. स्वतःपुरता तीस ग्रॅमपर्यंत गांजा, तोही एकदाच, एवढाच काय तो अपवाद. इतकंच नाही, तर नुसतं व्यसनी असणं हेसुद्धा इमिग्रेशनच्या कायद्यात हद्दपारीचं कारण म्हणून लिहिलेलं आहे. म्हणून आपली मुलं उपचाराला जायला घाबरतात, आईबाप डॉक्टरला खरं सांगायला घाबरतात, आणि शेवटी सगळं 'हार्ट अटॅक'मध्ये बसवलं जातं. हा कायदा आज-उद्या बदलेल असं मला वाटत नाही. पण घरात असं कोणी असेल तर गुन्हा कबूल करण्यापूर्वी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारा, पब्लिक डिफेंडरने तो सल्ला द्यावा हा तुमचा हक्क आहे. आणि नॅलोक्सोनचा फवारा घरात ठेवा. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. आमच्या घरी तो देवघराशेजारच्या फळीवर, क्रोसिनच्या डब्यात असतो. सासूबाईंनाही कसा वापरायचा ते दाखवून ठेवलं आहे.

काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. मे महिन्यात बजेटवर चर्चा होते, जूनमध्ये सुनावणी होऊन पाच सुपरवायझर मत देतात. सभा ७० वेस्ट हेडिंग स्ट्रीटवर भरते. मेन जेलही त्याच रस्त्यावर आहे, १५० नंबरला. चालत गेलं तर पाच मिनिटं. बोलायला कोणालाही मिळतं, नागरिक असण्याची अट नाही, घरून झूमवरही बोलता येतं. वेळ मात्र एक-दोन मिनिटंच, म्हणून आधी लिहून नेलेलं बरं. तिथे शेरीफची माणसं येतात, नर्सांची युनियन येते, सुटून आलेले काही जण येतात. मी आजवर तीनदा गेले आहे, आणि आपल्यातलं कोणी मला तिथे भेटलेलं नाही.

या जूनमध्ये मी पुन्हा जाणार आहे. मैत्रीणही विमानाने येते आहे, ती बोलेल की नुसती बसेल हे तिचं तिने ठरवायचं आहे. मिलपिटासहून सकाळी साडेआठला निघायचं. गाडीत तीन जागा आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी या पत्राला उत्तर म्हणून दोन ओळी पाठवा.

कळावे,
आपली,
संपादक